पोपला नडलेला मार्टिन ल्युथर घरात बाप म्हणून कसा होता?

मार्टिन ल्युथर हे नाव घेतलं की आपल्याकडे बहुतेकांना अमेरिकेतले मार्टिन ल्युथर किंग आठवतात. त्यांना हे नाव वडिलांमुळे मिळालं. वडील अटलांटा शहरातल्या एका चर्चचे पाळक होते. बापलेक दोघांचंही मूळ नाव मायकल. १९३४ साली वडील जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचं आणि मुलाचंही नाव बदलून मार्टिन ल्युथर केलं.

ज्याच्या नावावरून हे नाव घेतलं, तो खरा ल्युथर त्याच्या चारशे वर्षं आधी जर्मनीत होऊन गेला. पोपच्या सत्तेला आव्हान देणारा, ख्रिस्ती धर्माचे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन भाग ज्याच्यामुळे पडले तो हाच संन्यासी. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात तो एवढ्यापुरताच भेटतो. चर्चच्या दारावर ९५ मुद्दे लावले, पोपशी भांडला, धडा संपला.

पण ल्युथरने अजून एक गोष्ट केली. मुलांना देवाधर्माचं शिक्षण देणं हे फक्त चर्चचं काम नाही, ते घरातल्या बापाचं काम आहे, असं त्याने ठामपणे मांडलं. त्यासाठी पुस्तक लिहिलं, गाणी लिहिली. आणि मग स्वतः सहा मुलांचा बाप होऊन त्याला हे सगळं करून बघावं लागलं. ते त्याला किती जमलं, त्याचीच ही गोष्ट.

बापाला वकील हवा होता, पोरगा संन्यासी झाला

ल्युथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा. गाव आइसलेबेन. वडिलांचं नाव हान्स. घराणं शेतकऱ्याचं, पण हान्स मॅन्सफेल्डला जाऊन तांब्याच्या धंद्यात उतरला आणि कष्ट करून वर आला. अशा माणसाची आपल्या मुलाकडून जी अपेक्षा असते तीच त्याची होती. पोराने शिकावं, वकील व्हावं, चांगल्या घरातली मुलगी करावी आणि म्हातारपणी आईबापाला बघावं.

घरातली शिस्त कडक होती. एका अक्रोडावरून आईने रक्त येईपर्यंत मारलं होतं, ही आठवण ल्युथर मोठेपणीही सांगायचा. एकदा वडिलांनी इतकं बडवलं की तो त्यांच्यापासून लांबच पळायला लागला. पोराला पुन्हा जवळ आणायला हान्सला बरेच दिवस लागले. शाळेतही तेच. एका सकाळी आपल्याला पंधरा वेळा छडी बसली, हेही तो विसरला नव्हता. आईवडिलांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्या धाकामुळेच आपण शेवटी मठात गेलो, असं त्याने पुढे बोलून दाखवलं.

शिक्षण मात्र बापाच्या मनासारखं चाललं होतं. १५०१ साली तो एरफर्टच्या विद्यापीठात गेला, १५०५ मध्ये एम.ए. झाला आणि कायद्याच्या वर्गात बसायलाही लागला. त्याच वर्षीच्या २ जुलैला तो घरून एरफर्टला परत येत होता. वाटेत वादळ आलं आणि जवळच वीज पडली. जीव मुठीत धरून त्याने संत अ‍ॅनचा धावा केला आणि वाचलो तर संन्यासी होईन असा नवस बोलला. पंधरा दिवसांत तो एरफर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला.

हान्स संतापला. पोराच्या शिक्षणावर घातलेला पैसा, ठरवलेली स्वप्नं, सगळं एका विजेच्या कडकडाटात गेलं होतं.

१५०७ मध्ये ल्युथरची धर्मगुरू म्हणून पहिली मिस्सा झाली. त्या दिवशी हान्स वीस घोडेस्वारांसोबत थाटात आला आणि मठाला घसघशीत देणगी दिली. राग गेला असं सगळ्यांना वाटलं. पण जेवणाच्या वेळी ल्युथरने विषय काढला, की माझा निर्णय तुम्हाला एवढा का खुपला? तेव्हा हान्सने सगळ्या विद्वान मंडळींसमोर त्याला बायबलमधल्या आज्ञेची आठवण करून दिली. आईबापाचा मान राखावा ही देवाचीच आज्ञा आहे, तिचं काय झालं? आणि ज्याला तू देवाची हाक समजतोस ती सैतानाची फसवणूक कशावरून नसेल, असाही टोला दिला.

हा प्रश्न ल्युथरच्या मनात पुढची चौदा वर्षं रुतून बसला.

देवही बापासारखाच वाटायचा

मठात ल्युथरने काही कमी केलं नाही. उपास, जागरणं, प्रार्थना, तासन् तास पापांची कबुली. तरी मनाला शांती नाही. त्याच्या डोळ्यांसमोरचा देव म्हणजे हातात छडी घेऊन बसलेला न्यायाधीश होता. कितीही केलं तरी तो खूश होणार नाही ही भीती काही सुटेना.

विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवता शिकवता त्याला एक वेगळी वाट सापडली. देवाची मर्जी कमवावी लागत नाही, ती कृपा म्हणून मिळते आणि माणसाने तिच्यावर फक्त विश्वास ठेवायचा असतो, हे त्याला उमगलं. पैसे देऊन पापाच्या शिक्षेतून सूट मिळवण्याची जी पत्रं तेव्हा विकली जात होती, त्यांच्या विरोधात त्याने १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला ९५ मुद्दे मांडले. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. १५२१ च्या जानेवारीत पोपने त्याला चर्चमधून बाहेर काढलं. एप्रिलमध्ये वर्म्स शहरात सम्राटासमोर त्याने माघार घ्यायला नकार दिला. त्यानंतर त्याच्या राजाने त्याला वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवलं. तिथे त्याने अवघ्या अकरा आठवड्यांत बायबलचा नवा करार साध्या जर्मन भाषेत आणला.

त्याच किल्ल्यात बसून त्याने मठातल्या व्रतांविरुद्ध एक पुस्तक लिहिलं आणि ते कुणाला अर्पण केलं? हान्सला. तुमची परवानगी न घेता मी मठात गेलो, तुमचं बरोबर होतं, असं त्याने जगजाहीर मान्य केलं. पण सोबत एक मेखही मारली. मला त्यातून बाहेर काढलं ते तुम्ही नाही, देवाने. म्हणजे बापाचा अधिकार मोठा, पण तो देवाच्या खाली.

बापपणाबद्दल ल्युथर पुढे जे काही बोलला, त्या सगळ्याचं मूळ इथे आहे.

लंगोट धुणारा बाप

त्या काळात खरं धार्मिक जीवन म्हणजे मठातलं, असा समज होता. लग्न करून पोरंबाळं वाढवणारे लोक म्हणजे दुसऱ्या दर्जाचे भाविक. ल्युथरने हे चित्र उलटं केलं.

१५२२ साली त्याने लग्नावर एक पुस्तिका लिहिली. आईबाप हेच आपल्या मुलांचे प्रेषित, बिशप आणि धर्मगुरू असतात, कारण देवाची ओळख मुलाला सगळ्यात आधी तेच करून देतात, असं त्याने त्यात मांडलं. आणि बापाने जर देवावर विश्वास ठेवून बाळाचे लंगोट धुतले आणि ते बघून शेजारीपाजारी त्याला बायल्या म्हणून हसले, तर देव मात्र देवदूतांसकट त्या बापाकडे बघून आनंदाने हसतो, असंही लिहिलं. पाचशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आजही पोराचं डायपर बदलणाऱ्या बापाचं कौतुक करायचं की चेष्टा, हे लोकांना कळत नाही.

गंमत म्हणजे हे लिहिताना ल्युथर स्वतः बिनलग्नाचा होता.

१५२३ मध्ये निम्बशेनच्या मठातून बारा नन पळाल्या. त्या मठाला माल पुरवणाऱ्या लेओनहार्ड कोप या व्यापाऱ्याच्या गाडीतून त्या बाहेर पडल्या आणि या सगळ्यामागे ल्युथरचा हात होता. त्यातल्या नऊ जणी विटेनबर्गला आल्या. एकेकीचं लग्न लावून देता देता शेवटी एक राहिली, कॅथरीना फॉन बोरा. १३ जून १५२५ ला ल्युथरने तिच्याशीच लग्न केलं. तो ४१ वर्षांचा, ती २६ ची. लग्नाची जी कारणं त्याने मित्रांना सांगितली त्यातलं एक म्हणजे म्हाताऱ्या बापाची नातवंडं बघायची इच्छा.

दोघांचा संसार मांडला गेला विटेनबर्गच्या ऑगस्टिनियन मठाच्याच इमारतीत. कॅथरीनाने तिथे बाग केली, गुरं-डुकरं पाळली, बिअर बनवली, विद्यार्थी जेवणाराहण्याला ठेवले. नात्यातली अनेक पोरकी मुलंही याच घरात वाढली. ल्युथर देवाधर्मावर बोलायचा, पण त्या बोलण्याला जी चूल पेटती लागते ती कॅथरीना सांभाळायची.

१५२६ ते १५३४ या काळात त्यांना सहा मुलं झाली. हान्स, एलिझाबेथ, माग्दालेना, मार्टिन, पॉल आणि मार्गारेट. पहिल्या मुलाला नाव आजोबांचं ठेवलं, हे वेगळं सांगायला नको.

बापाच्या हातात दिलेलं पुस्तक

१५२८ च्या सुमारास ल्युथर आणि त्याचे सहकारी सॅक्सनीतल्या गावागावांत फिरून चर्चची अवस्था तपासत होते. जे दिसलं त्याने तो हादरला. खेड्यातल्या लोकांना ख्रिस्ती धर्माचं ओ की ठो माहीत नव्हतं. कित्येक पाळकांनाही धड शिकवता येत नव्हतं. लोक बाप्तिस्मा घेत होते, चर्चला जात होते, पण प्रभूची प्रार्थनासुद्धा अनेकांना पाठ नव्हती.

चूक कुणाची? ल्युथरने बिशपांना झोडपलं. पण यावरचा उपाय त्याने थेट घरात नेला. १५२९ साली त्याने दोन पुस्तकं काढली. मोठा कॅटेकिझम पाळकांसाठी आणि छोटा कॅटेकिझम घरासाठी. कॅटेकिझम म्हणजे धर्माच्या मूळ गोष्टी सोप्या करून सांगणारं पुस्तक. छोटा कॅटेकिझम तर आधी तक्त्यांच्या स्वरूपात छापला गेला, भिंतीवर लावता येतील असे. आपल्याकडे पाढ्यांचे तक्ते भिंतीवर असतात तसंच.

त्यात दहा आज्ञा, श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांची कबुली, प्रभुभोजन यांची माहिती होती. सकाळी उठल्यावर काय प्रार्थना करायची, झोपताना काय, जेवायच्या आधी आणि नंतर काय, हेही होतं. आणि भागांच्या मथळ्यातच लिहिलं होतं की घरातल्या कर्त्या माणसाने हे आपल्या घरच्यांना सोप्या पद्धतीने शिकवायचं आहे. घरचे म्हणजे बायकामुलंच नाहीत, नोकरचाकरही.

पद्धत साधी होती. एक ओळ म्हणायची आणि मग विचारायचं, की याचा अर्थ काय? मुलाने थोडक्यात उत्तर द्यायचं. नुसती घोकंपट्टी नको, अर्थ कळला पाहिजे, हा त्यामागचा विचार. बापाने आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांना समोर बसवून कुणाला काय येतं ते विचारावं, असाही त्याचा आग्रह होता.

शिकवताना खेळ वापरायलाही त्याची ना नव्हती. १५२६ साली जर्मन भाषेतल्या उपासनेवर लिहिताना त्याने मुलांसाठी मनातल्या दोन थैल्यांची कल्पना दिली. एक श्रद्धेची, एक प्रेमाची. प्रत्येक थैलीला दोन दोन कप्पे. चर्चमध्ये ऐकलेलं बायबलचं वचन घरी येऊन सांगायचं आणि ते कुठल्या कप्प्यात जातं ते ठरवायचं, जसं सोन्याचं नाणं एका पिशवीत आणि चांदीचं दुसऱ्या पिशवीत टाकावं तसं. हे पोरखेळ आहेत असं कुणी समजू नये, असंही त्याने बजावलं. मुलांना शिकवायचं तर त्यांच्यासारखं मूल व्हावं लागतं. देवानेही माणसाला शिकवायला माणसाचाच जन्म घेतला ना, हा त्याचा युक्तिवाद.

स्वतःबद्दलही तो हेच सांगायचा. एवढा मोठा धर्मपंडित असूनही रोज सकाळी तो दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना लहान मुलासारखा म्हणायचा. बापाला येत नसेल तर पोराला काय येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

पण याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक कडक सल्लाही आहे. जो शिकायलाच तयार नाही त्याला आईबापाने खायलाप्यायला देऊ नये, असा. श्रद्धा जबरदस्तीने येत नाही हे सांगणारा माणूसच दोन पानांवर जेवण बंद करायला सांगतो. हा विरोधाभास ल्युथरमध्ये कायम दिसतो.

आणि फक्त बापावर सोडून तो थांबला नाही. १५२४ मध्ये त्याने जर्मनीतल्या शहरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहून मुलांसाठीच नाही तर मुलींसाठीही शाळा काढायला सांगितलं. बरेच आईबाप शिकवायला नालायक असतात किंवा त्यांना वेळ नसतो, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

चार वर्षांच्या पोराला आलेलं पत्र

१५३० साली आउग्सबुर्गला मोठी सभा भरली. प्रोटेस्टंटांची बाजू सम्राटासमोर मांडायची होती. पण ल्युथरवर सम्राटाची बंदी असल्याने त्याला तिथे जाता येईना. तो अलीकडे कोबुर्गच्या किल्ल्यात थांबला, जवळजवळ सहा महिने.

तिथे कॅथरीनाने त्याला एक चित्र पाठवलं. एक वर्षाच्या माग्दालेनाचं. आधी त्याला ते ओळखूच येईना, फार काळपट वाटलं. नंतर मात्र त्याने ते जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर लावलं आणि बघत बसू लागला. सोबत असलेल्या मदतनीसाने कॅथरीनाला मुद्दाम कळवलं, की चित्र पाठवलंत ते फार बरं केलंत, त्यांच्या डोक्यातले बाकीचे विचार त्यामुळे मागे पडतात.

जून महिन्यात तिथेच बातमी आली, की मॅन्सफेल्डला हान्स गेला. वडील आजारी असल्याचं ल्युथरला आधीच कळलं होतं. जिवाला धोका म्हणून त्याला भेटायला जाता आलं नव्हतं, फेब्रुवारीत त्याने फक्त धीर देणारं पत्र पाठवलं होतं. बातमी वाचून त्याने स्तोत्रसंहिता उचलली, खोलीत गेला आणि खूप रडला. ज्या बापाशी आयुष्यभर वाद घातला, त्यानेच आपल्याला घडवलं, हे त्याने मित्राला लिहून कळवलं.

आणि त्याच महिन्यात, दोन आठवड्यांनी, त्याने घरी चार वर्षांच्या हान्सला एक पत्र लिहिलं. पत्रात एक बाग आहे. तिथे मुलं सोनेरी अंगरखे घालून सफरचंदं, नासपती, चेरी वेचतात, गातात, उड्या मारतात, सोन्याचा लगाम आणि चांदीचं खोगीर असलेल्या छोट्या घोड्यांवर बसतात. ज्या मुलाला प्रार्थना आणि अभ्यास आवडतो त्याला तिथे जाता येतं. मित्रांनाही नेता येतं. आणि घरातल्या लेना मावशीलाही.

नरकाच्या भीतीने वाढलेल्या माणसाने आपल्या मुलाला स्वर्गाची ओळख करून दिली ती घोडे आणि फळांतून. त्याच्या लहानपणी देव छडी घेऊन यायचा. त्याच्या मुलाकडे तो बाग घेऊन आला.

नाताळसाठी त्याने मुलांना म्हणता येईल असं एक गाणंही रचलं. देवदूत येऊन येशूच्या जन्माची बातमी देतो आणि मुलं गव्हाणीपाशी जातात, असं ते गाणं. जर्मनीत ते आजही नाताळात गायलं जातं. रात्री जेवण झालं की घरात गाणी व्हायची. ल्युथर स्वतः ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवायचा.

छडी आणि सफरचंद

मग ल्युथर एकदम मवाळ बाप होता का? तर अजिबात नाही.

मुलांना शिक्षा करावी, पण छडीच्या शेजारी सफरचंदही ठेवावं, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याला जसं मारलं तसं पोरांना मारायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. तरी एकदा मोठ्या हान्सने काही चूक केली, तेव्हा त्याने तीन दिवस पोराला समोर उभं केलं नाही. मुलाने चिठ्ठी लिहून माफी मागितली, आईने रदबदली केली, मेलांख्टॉनसारखे मोठमोठे मित्र मध्ये पडले, तरी तो लवकर विरघळला नाही. वाईट वळणाचा मुलगा असण्यापेक्षा मुलगा नसलेला बरा, इतक्या टोकाला तो गेला. लोकांना शिकवणाऱ्याच्याच घरात असं घडलं तर बाकीचे बोट दाखवतील, ही त्याची धास्ती होती.

धर्मगुरूच्या मुलावरचं हे ओझं तेव्हा नवीन होतं. कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नसल्यामुळे पाळकाचं उघड कुटुंब ही गोष्टच या काळात उभी राहत होती. गावाचं लक्ष त्या घराकडे असायचं, आणि जर्मनीतलं सगळ्यात जास्त लक्ष वेधणारं घर ल्युथरचं होतं.

माग्दालेना

१५२८ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ आठ महिन्यांची असताना गेली. मुलाच्या जाण्याने बापाचं काळीज इतकं हलतं हे आपल्याला कधी वाटलं नव्हतं, असं त्याने तेव्हा मित्राला कळवलं. पुढच्याच वर्षी माग्दालेना झाली. शांत, समजूतदार, बापाची लाडकी.

१५४२ च्या सप्टेंबरमध्ये ती आजारी पडली. वय तेरा. थोरला हान्स तेव्हा टॉरगाऊच्या शाळेत होता आणि तिला भावाला बघायचं होतं. ल्युथरने तिथल्या शिक्षकांना पत्र पाठवलं, की हान्सला लगेच पाठवा, पण कारण सांगू नका.

मुलगी वाचणार नाही हे दिसत होतं. ल्युथरने तिला विचारलं, की तुला इथे या बापाजवळ राहायला आवडेल, पण तिकडच्या बापाकडेही तू आनंदाने जाशील ना? तिने देवाची जशी इच्छा असेल तसं, असं उत्तर दिलं. इतकी वर्षं जे शिकवलं होतं ते ती शांतपणे परत देत होती. आणि जो शिकवत होता तो पलंगाशी गुडघे टेकून रडत होता. २० सप्टेंबरला बापाच्या मिठीतच तिने प्राण सोडला. कॅथरीना त्याच खोलीत होती, पण दुःखाने तिला जवळ उभं राहवत नव्हतं.

तीन दिवसांनी ल्युथरने मित्राला पत्र लिहिलं. ती सुटली म्हणून आम्ही देवाचे आभार मानायला हवेत, पण आमच्याने ते होत नाही, अशी कबुली त्यात होती. ख्रिस्ताच्या मरणाचा विचारही हे दुःख पुरतं काढून टाकू शकत नाही, एवढी बापाची माया खोल असते, असं त्याने लिहिलं. मृत्यूनंतरच्या जीवनावर हजारो पानं लिहिलेला माणूस हे सांगत होता.

त्यानंतर हान्स शाळेत परत गेला खरा, पण त्याला घरची ओढ लागली. डिसेंबरात ल्युथरने त्याला कळवलं, की रडू आवर, अभ्यास कर, आजारी नसशील तर घरी यायचं नाही. आईचंही तेच म्हणणं आहे. मुलगी गेल्यावर मुलाला कुशीत ओढावं असं वाटलं असणारच. पण त्याने पोराला शाळेतच ठेवलं.

मुलं पुढे काय झाली?

१५४६ च्या सुरुवातीला मॅन्सफेल्डच्या सरदारांचं भांडण मिटवायला ल्युथर आइसलेबेनला गेला. प्रवासात तिन्ही मुलं सोबत होती. ज्या गावात जन्म झाला त्याच गावात १८ फेब्रुवारीला तो वारला. मार्टिन आणि पॉल तेव्हा जवळ होते.

मृत्युपत्रात त्याने कॅथरीनाला वारस केलं होतं आणि मुलांची काळजी तिच्यावरच सोपवली होती. मुलांना आईइतकं कुणी बघणार नाही हा त्याचा विश्वास होता. पण विधवेला असा अधिकार देणं तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हतं. मुलांसाठी दुसरे पालक नेमले गेले. त्यात युद्ध आलं, घर सोडून पळावं लागलं. १५५२ मध्ये प्लेगच्या साथीमुळे विटेनबर्ग सोडताना कॅथरीनाला गाडीचा अपघात झाला आणि डिसेंबरात टॉरगाऊला ती गेली.

आता ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना हवं असतं तो. ल्युथरची मुलं पुढे मोठे धर्मगुरू झाली का?

एकही नाही.

मधला मार्टिन धर्मशास्त्र शिकला, पण पाळक म्हणून कधीच उभा राहिला नाही. पॉल डॉक्टर झाला, राजेरजवाड्यांचा वैद्य म्हणून नाव कमावलं. मार्गारेटचं लग्न प्रशियातल्या एका सरदाराशी झालं. आणि थोरला हान्स? तो कायदा शिकला आणि सरकारी नोकरीत गेला. मॅन्सफेल्डच्या आजोबांना मुलाने जे करायला हवं होतं, ते शेवटी त्यांचंच नाव लावणाऱ्या नातवाने केलं.

ल्युथरच्या हिशोबाने यात हरण्यासारखं काही नव्हतं. संन्यासी आणि धर्मगुरू हेच देवाच्या जवळचे असतात हा समज त्यानेच मोडला होता. वकील, डॉक्टर, घर सांभाळणारी बाई, सगळ्यांचं काम देवाचंच, हे तो आयुष्यभर सांगत होता. मुलाला धर्म शिकवायचा तो त्याला धर्मगुरू करण्यासाठी नाही, तर तो जिथे असेल तिथे माणूस म्हणून नीट उभा राहावा यासाठी.

त्याच्या या प्रयोगाला मर्यादाही होत्या. गावोगावच्या बापांनी खरंच मुलांना समोर बसवून शिकवलं का, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. नंतरच्या तपासण्यांमध्येही लोकांना काही येत नसल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. आणि घरात मुलांसाठी गाणी रचणाऱ्या याच माणसाने १५२५ मध्ये बंड करणाऱ्या शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडायला सांगितलं. १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध इतकं विखारी पुस्तक लिहिलं की चारशे वर्षांनी नाझींनी ते प्रचारात वापरलं. आपल्या मुलीसाठी रडणाऱ्या बापाला दुसऱ्यांच्या मुलाबाळांचं दुःख दिसलं नाही, हे त्याच्या नावापुढे कायमचं लिहिलं गेलं आहे.

छोटा कॅटेकिझम मात्र टिकला. १७०६ साली त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन मिशनरी आताच्या तामिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले आणि त्सीगेनबाल्गने तो तमिळमध्ये आणला. जगभरातल्या ल्युथरन कुटुंबांमध्ये मुलं आजही त्यातूनच शिकतात. एक ओळ म्हणायची, मग मोठ्यांनी अर्थ विचारायचा आणि मुलाने सांगायचा. त्यासाठी मोठ्यांना आधी स्वतःला तो अर्थ माहीत असावा लागतो, आणि ल्युथरला बापांकडून नेमकं तेच हवं होतं.